दुर्बीण, रोबोट की खालून? त्याआधी बायोप्सी

पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

डॉक्टरबाई, मी ४६ वर्षांची आहे. घणसोलीला राहते, ठाण्यात नौपाड्याला एका पतसंस्थेत कॅशियर आहे. दीड-दोन वर्षं झाली, पाळी आठ-नऊ दिवस चालते. पहिले तीन दिवस तर गाठी पडतात, काउंटरवरून उठायचीसुद्धा भीती वाटते. हिमोग्लोबिन ८.६ आहे. सोनोग्राफीत पिशवी दहा आठवड्यांच्या गरोदरपणाएवढी वाढलेली, ॲडिनोमायोसिस (म्हणजे आतलं अस्तर पिशवीच्या भिंतीत शिरलेलं) आणि मागच्या भिंतीत साडेचार सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ असं आलंय. मोठी मुलगी नॉर्मल, धाकट्याच्या वेळी सिझेरियन. गोळ्या घेतल्या की तेवढ्यापुरतं थांबतं.

तीन डॉक्टरांना दाखवलं. तिघंही म्हणाले, पिशवी काढा. ठाण्यातल्या आमच्या नेहमीच्या बाई म्हणतात, खालून काढू, पोटावर टाका नको. वाशीचे डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीतून. एका मोठ्या हॉस्पिटलात रोबोटने करायला सांगितलं, उद्या चालायला लागाल म्हणाले, आणि अंडाशयंही काढून टाकू म्हणाले, पुढे कॅन्सरची कटकट नको. मिस्टर म्हणतात, मेडिक्लेम आहे तर रोबोटच करू. जाऊबाईंचं डोंबिवलीला दुर्बिणीतून झालं, त्यांचे खांदे चार दिवस दुखत होते. सासूबाई म्हणतात, खालून काढणं ही जुनी पद्धत, आणि पिशवी गेली की बाई आतून पोकळ होते. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, रोज ठाण्याची लोकल. मी नक्की काय करू?

उत्तर

ताई, तुमचं पत्र आणि सोबतचे रिपोर्ट दोन्ही नीट वाचले. रिपोर्टांत दोन सोनोग्राफ्या आहेत, थायरॉइड आहे, शुगर आहे, रक्त गोठण्याची तपासणीही आहे. नाही ती फक्त बायोप्सी. पॅप स्मिअरही नाही. तिघांपैकी कोणी तोंडी सांगितली असेल आणि राहून गेली असेल, तर गोष्ट वेगळी. पण पिशवी कुठल्या वाटेने काढायची हे ठरवायच्या आधी ती लागतेच.

वय पंचेचाळिशीच्या पुढे आणि पाळीचा रक्तस्राव बिघडलेला, असं असेल तेव्हा पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासून घ्यायचा, हा नियमच आहे. बारीक नळी आत घालून ओपीडीत पाच-दहा मिनिटांत होतं, पाळीतल्यासारखी कळ येते, त्याच दिवशी घरी. सोबत गर्भाशयाच्या मुखाची पॅप तपासणी. तुमच्या बाबतीत कॅन्सर निघेल असं मला अजिबात वाटत नाही, ॲडिनोमायोसिस आणि गाठ मिळून एवढा रक्तस्राव सहज होतो. तरी ही तपासणी मी वगळू देणार नाही, कारण तिच्या निकालावर ऑपरेशनची सगळी तऱ्हा फिरते. अस्तराचा कॅन्सर निघाला तर दुर्बिणीचा मार्ग चांगला, पण तो कॅन्सरच्या सर्जनकडे. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला तर उलट. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरसाठी पोट उघडून केलेलं मोठं ऑपरेशन आणि दुर्बीण किंवा रोबोटने केलेलं, यांची तुलना झाली. साडेचार वर्षांनी रोग न परतलेल्या बायका पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के होत्या, लहान छिद्रांच्या गटात ८६ टक्के. लहान छिद्र म्हणजे नेहमीच चांगलं, हे गृहीत तिथे मोडलं.

आता दुसरं, जे तुम्ही विचारलं नाहीत. काढायचीच आहे का?

तिघांनी तीन वाटा सांगितल्या, पण पिशवीत बसवायच्या हार्मोनच्या कॉपर-टीसारख्या साधनाबद्दल, मिरेना म्हणतात ती, कोणी बोललं का? तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. ती आतल्या आत थोडं थोडं हार्मोन सोडते, अस्तर पातळ ठेवते, रक्तस्राव बहुतेकींचा खूप कमी होतो, काहींची पाळी जवळजवळ थांबते. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडत राहतात. हे आधी सांगितलं नाही तर बायका वैतागून काढून टाकतात. ॲडिनोमायोसिसमध्ये ती उपयोगी पडते. गाठ पिशवीच्या पोकळीत घुसलेली नसेल तर बसवायलाही अडचण नसते, तुमची मागच्या भिंतीत आहे. फिनलंडमध्ये रक्तस्रावाने बेजार झालेल्या २३६ बायकांना अर्ध्या-अर्ध्या वाटून एका गटाला हे साधन आणि दुसऱ्या गटाला ऑपरेशन दिलं. पाच वर्षांनी साधनाच्या गटातल्या ४२ टक्के बायकांनी शेवटी पिशवी काढूनच घेतली होती. म्हणजे ही काही रामबाण नाही. पण उरलेल्या ५८ टक्क्यांचं ऑपरेशन टळलं, आणि समाधान विचारलं तर दोन्ही गटांत फरक नव्हता.

तुमचं वय इथे तुमच्या बाजूने आहे. आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास. तुमची कदाचित आणखी तीन-चार वर्षं चालेल, कदाचित दीड. पाळी गेली की ॲडिनोमायोसिस निवतं, गाठही आक्रसते. तेवढा काळ ओढून नेणं हा पर्याय ऑपरेशनइतकाच खरा आहे. फायब्रॉइडचा रक्तपुरवठा बंद करण्याची अँजिओग्राफीसारखी पद्धतही आहे, पण तुमच्या बाबतीत मी आधी मिरेनाचा विचार करीन.

हे मी लांबवतेय याला कारण आहे. आपल्या राज्यात बीडच्या ऊसतोड मजूर बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या हे २०१९ मध्ये सगळ्यांनी वाचलं. गरज नसताना पिशव्या काढण्याविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितली. तुमचं प्रकरण तसलं नाही. तुमचं हिमोग्लोबिन ८.६ आहे, दीड-दोन वर्षं तुम्ही सोसलंय, गोळ्या करून झाल्यात. साधन नको, मला हा विषय एकदाचा संपवायचाय, असं तुम्ही ठरवलंत तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. फक्त ते तुम्ही ठरवलेलं असावं.

समजा बायोप्सी साफ आली आणि तुम्ही ऑपरेशनच निवडलंत. आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

माझा कल आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तो वजा करता येईल. मी खालून पिशवी काढायला शिकलेल्या पिढीतली आहे, आणि मुंबईत त्या शिक्षणाला एक परंपरा आहे. अंग बाहेर आलेलं नसतानाही, आधी सिझेरियन झालेलं असतानाही पिशवी योनीमार्गे सुरक्षित काढता येते, हे मुंबईच्या डॉ. शिरीष शेठ यांनी जगभरच्या डॉक्टरांना दाखवलं. ते स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाचे अध्यक्षही होते. सासूबाईंना जुनी वाटते ती पद्धत हीच. जुनी आहेच. पण अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना, जिथे रोबोट सगळ्यात जास्त वापरले जातात त्या देशातली, तिनेसुद्धा २०१७ मध्ये लिहून ठेवलंय की साध्या आजारासाठी पिशवी काढायची तर जिथे शक्य असेल तिथे पहिली निवड योनीमार्गाची. तो जमण्यासारखा नसेल तर दुर्बीण. पोट उघडणं त्यानंतर.

खालून काढताना होतं काय? पोटावर कापत नाहीत. योनीच्या वरच्या टोकाला, गर्भाशयाच्या मुखाभोवती चीर देतात, पुढून लघवीची पिशवी आणि मागून गुदाशय अलग करतात, पिशवीला धरून ठेवणारे बंध आणि रक्तवाहिन्या खालून वर एकेक करत बांधत जातात. पिशवी मोठी असेल तर तिचे आतच दोन भाग करतात, गाठ आधी वेगळी काढतात, मग बाकीची उतरते. शेवटी योनीचं वरचं टोक शिवतात. टाके असतातच, फक्त बाहेरून दिसत नाहीत. पाठीतल्या इंजेक्शनच्या भुलीवर होऊ शकतं, पोटात गॅस भरावा लागत नाही, महागडी सामग्री लागत नाही. आणि त्यामुळेच, मला वाटतं, घोडबंदर रोडवर किंवा पामबीचला या ऑपरेशनचं होर्डिंग तुम्हाला कधी दिसणार नाही.

तुमच्या केसमध्ये काय बसतं ते बघू. दहा आठवड्यांची पिशवी. बारा आठवड्यांपर्यंतची पिशवी खालून काढणं सरावाच्या हाताला नेहमीचं काम असतं, काही जण त्याहून मोठीही काढतात. मुलीच्या वेळी नॉर्मल बाळंतपण झालंय, त्यामुळे वाट सैल आहे, ही मोठी जमेची बाजू. सिझेरियनमुळे लघवीची पिशवी पुढच्या व्रणाला चिकटलेली असू शकते, तिथे सांभाळून जावं लागतं. पण एका सिझेरियनमुळे हा मार्ग बंद होत नाही. राहता राहिली पिशवी हलते की नाही ही गोष्ट. डॉक्टर बोटांनी आतून तपासतात तेव्हा ती मोकळी हलली, थोडी खाली उतरली, तर काम सोपं. ॲडिनोमायोसिससोबत कधी कधी एंडोमेट्रिओसिस असतो, म्हणजे अस्तरासारखा थर पिशवीच्या बाहेर वाढतो, त्यात पिशवीच्या मागे सगळं चिकटून बसतं. संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं का, पाळीत शौचाला जाताना कळ येते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण मग खालून आंधळेपणाने जाणं बरं नाही, दुर्बिणीने डोळ्यांसमोर बघून सोडवलेलं चांगलं. अंडाशयाला मोठी गाठ असेल तरीही दुर्बीणच.

दुर्बिणीचं ऑपरेशन आता इतकं रुळलंय की ते कालपरवाचं आहे हे विसरायला होतं. अमेरिकेतल्या हॅरी राइश यांनी पहिलं १९८८ मध्ये केलं. बेंबीपाशी एक आणि बाजूंना दोन-तीन अशी अर्ध्या ते एक सेंटिमीटरची छिद्रं, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून फुगवायचं, पडद्यावर बघत काम करायचं, पिशवी मात्र बहुतेक वेळा खालूनच बाहेर काढायची. पूर्ण भूल लागते, डोकं खाली आणि पाय वर अशा उतारावर झोपवतात. जाऊबाईंचे खांदे दुखले ते याच गॅसमुळे. उरलेला गॅस छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला डिवचतो आणि त्याची कळ खांद्यात उमटते. दोन-चार दिवसांत जाते, घाबरण्यासारखं काही नसतं. दुर्बिणीचा खरा फायदा म्हणजे आतलं सगळं दिसतं. चिकटलेलं सोडवता येतं, अंडाशयं नीट बघता येतात, रक्त कुठून येतंय ते कळतं. पोट उघडण्याच्या तुलनेत दुखणं कमी, जखमेत पू होण्याचा धोका कमी, कामावर लवकर. खालून काढण्याच्या तुलनेत मात्र हे फायदे उरत नाहीत, कारण तेही तसंच लवकर बरं करतं. वर दुर्बिणीला वेळ जास्त लागतो.

हे माझं म्हणणं नाही. कॉक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ४७ चाचण्या आणि ५,१०२ बायकांची माहिती एकत्र केली होती. पोट उघडण्याच्या तुलनेत खालून काढलेल्या बायका सरासरी नऊ-दहा दिवस आधी रोजच्या कामाला लागल्या, दुर्बिणीने झालेल्या बायका साधारण तेरा-चौदा दिवस आधी. खालून आणि दुर्बीण यांच्यात थेट तुलना केली तेव्हा दुर्बिणीचा वरचढपणा दिसला नाही. आणि लघवीच्या मार्गाला, म्हणजे मूत्राशय किंवा मूत्रनळीला इजा होण्याचा धोका पोट उघडण्यापेक्षा दुर्बिणीत जास्त दिसला. मूत्रनळी पिशवीच्या रक्तवाहिनीच्या अगदी खालून जाते, गर्भाशयाच्या मुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून. तिथे उष्णतेने शिरा बंद करताना हात चुकला तर त्रास कधी कधी आठवड्याने कळतो. अनुभवी हातात हे क्वचित होतं. पण क्वचित म्हणजे शून्य नाही.

आणि रोबोट. मिस्टरांना सांगा, ऑपरेशन रोबोट करत नाही. डॉक्टरच करतात, फक्त तुमच्या शेजारी उभं राहून नव्हे तर त्याच खोलीत थोडं लांब, कन्सोलवर बसून. त्यांच्या बोटांची हालचाल यंत्राचे हात आत करतात. चित्र त्रिमितीय दिसतं, हत्यारं मनगटासारखी वळतात, सर्जनची पाठ दुखत नाही. खूप जाड बाई, खूप मोठी पिशवी, घट्ट चिकटलेला एंडोमेट्रिओसिस, कॅन्सर, अशा अवघड कामात काही सर्जन रोबोटने जे करतात ते साध्या दुर्बिणीने त्यांना जमलं नसतं आणि पोट उघडावं लागलं असतं. तिथे रोबोटची किंमत वसूल होते.

तुमची केस तशी नाही. अमेरिकेत २००७ ते २०१० दरम्यान ४४१ रुग्णालयांत साध्या आजारांसाठी झालेल्या २,६४,७५८ ऑपरेशनांचा अभ्यास २०१३ मध्ये आला. रोबोट आणि साधी दुर्बीण यांच्यात गुंतागुंतीचं प्रमाण जवळजवळ सारखं, ५.५ आणि ५.३ टक्के. खर्च मात्र रोबोटचा दर केसमागे दोन हजार डॉलरांहून जास्त. रोबोटच्या हत्यारांत मोजणी असते, ठरावीक वेळा वापरलं की ते हत्यार यंत्र पुढे स्वीकारतच नाही, नवं आणावं लागतं. तो खर्च कोणाच्या तरी बिलात येणारच. भारतात बनलेला मंत्रा नावाचा रोबोटही आता आलाय, किमती उतरतील. पण स्वस्त झाल्याने तुमच्या साडेचार सेंटिमीटरच्या गाठीला त्याची गरज निर्माण होत नाही. 'उद्या चालायला लागाल' असं त्या हॉस्पिटलने सांगितलं ते खरं आहे. खालून काढलं तरी उद्या चालायला लागाल, दुर्बिणीनेही.

अलीकडे आणखी एक तऱ्हा आलीय, योनीतूनच दुर्बीण घालून काम करायचं, पोटावर एकही छिद्र नाही. बेल्जियममधल्या ७० बायकांच्या चाचणीत ती नेहमीच्या दुर्बिणीपेक्षा कमी ठरली नाही आणि वेळ कमी लागला. तुमच्या डॉक्टरांनी ती रीतसर शिकलेली असेल तर वाईट नाही. तुमच्यावर हात बसवण्यासाठी मात्र नको.

तर, माझा कौल. तपासणीत पिशवी मोकळी हलत असेल आणि एंडोमेट्रिओसिसची लक्षणं नसतील, तर ठाण्यातल्या तुमच्या बाईंचं बरोबर आहे. खालून. पिशवी चिकटलेली निघाली तर वाशीच्या डॉक्टरांचं बरोबर. शंका असेल तर दोन्ही तयारी ठेवून भूल दिल्यावर पुन्हा तपासून ठरवायचं, असं अनेक चांगले सर्जन करतात.

पण या कौलाला एक मोठी अट आहे. मार्ग कागदावर कितीही चांगला असो, तो त्या डॉक्टरांच्या हाताचा असला पाहिजे. तुमच्या बाई खालून वर्षाला दोन-तीनच करत असतील आणि वाशीचे डॉक्टर दुर्बिणीने दर आठवड्याला करत असतील, तर मी वाशीला जा म्हणेन, माझा कल गुंडाळून ठेवून. खालून काढायला शिकवणारे आणि शिकणारे दोन्ही कमी होत चाललेत, त्यामुळे हा प्रश्न विचारणं आता जास्तच गरजेचं झालंय. विचारायला लाजू नका. काउंटरवर तुम्ही नोट उजेडात धरून बघता तेव्हा समोरच्याला राग येतो का? तसंच हे. तुम्ही अशी ऑपरेशनं वर्षाला किती करता, मध्येच पोट उघडायची वेळ किती जणींवर येते, लघवीच्या मार्गाला इजा झाली तर यूरॉलॉजिस्ट तिथेच मिळतो का, रक्तपेढी जवळ आहे का. चांगले डॉक्टर शांतपणे आकडे सांगतात. आणि मध्येच पद्धत बदलावी लागली तर ते अपयश समजू नका. रक्त थांबत नसताना हट्टाने छिद्रांतूनच काम करत राहणारा सर्जन जास्त धोक्याचा.

दुर्बीण किंवा रोबोट ठरला तर आणखी एक विचारा, पिशवी बाहेर कशी काढणार? दहा आठवड्यांची पिशवी सहसा योनीतून अख्खी किंवा तिथे तुकडे करून निघते. पोटाच्या आत यंत्राने किसून काढायची पद्धत असेल तर ती आत घातलेल्या बंद थैलीतच व्हायला हवी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये इशारा दिला होता की फायब्रॉइड समजून ऑपरेशन केलेल्या सुमारे ३५० बायकांत एकीला लपलेला सार्कोमा नावाचा कॅन्सर निघू शकतो, आणि उघड्यावर किसलं तर तो पोटभर पसरू शकतो. २०२० मध्ये त्यांनी हे फक्त बंदिस्त थैलीतच करा असं सांगितलं.

अंडाशयांबद्दल मला राग आला, लपवत नाही. तुमच्या पत्रात किंवा रिपोर्टांत त्यांना हात लावायचं एकही कारण नाही. सोनोग्राफीत दोन्ही सामान्य आहेत. आई, मावशी, बहीण यांच्यात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर असेल तर वेगळी चर्चा करू, तसं असल्यास मला कळवा. नसेल तर ४६ व्या वर्षी ती काढणं म्हणजे पाळी जाण्याचे सगळे त्रास एका दिवसात अंगावर घेणं. अंगातून वाफा, झोप उडणं, योनी कोरडी पडणं, आणि पुढे हाडं आणि हृदय यांचा धोका वाढणं. कॅन्सरची भीती कमी करायची असेल तर अंडाशयं ठेवून फक्त बीज वाहून नेणाऱ्या नळ्या काढा. अंडाशयाचे बरेचसे कॅन्सर नळीच्या टोकाशी सुरू होतात असं आता मानलं जातं, आणि नळ्या काढल्याने हार्मोनला धक्का लागत नाही. हे खालूनही होतं, दुर्बिणीनेही. संमतीपत्रावर काय काढणार हे स्पष्ट लिहिलेलं आहे का ते वाचा, तुम्हाला मंजूर नसलेला शब्द खोडायला लावा आणि मगच सही करा.

सासूबाईंना म्हणावं, पिशवी गेली तर त्या जागी आतडी सरकतात, पोकळी काही राहत नाही. अंडाशयं जागेवर असली की हार्मोन चालू राहतात. मात्र पिशवी काढलेल्या बायकांची पाळी जाण्याची अवस्था एखाद-दोन वर्षं लवकर येऊ शकते, एवढं खरं. वजन वाढतं ते बहुतेक वेळा सहा महिने 'काही उचलू नको' म्हणून बसवून ठेवल्याने. संबंधांत फरक पडेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मिस्टरांच्या मनात असेल. रक्तस्राव आणि दुखणं गेल्यावर बहुतेक जोडप्यांचं सुधारतं. फक्त योनीचं शिवलेलं टोक भरून येईपर्यंत, निदान सहा ते आठ आठवडे, डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय नको. ही शिवण उसवण्याचा प्रकार दुर्मीळ असला तरी दुर्बीण आणि रोबोटच्या ऑपरेशनांत थोडा जास्त दिसलाय, म्हणून त्या वाटेने झालं तर घाई अजिबात नको.

तिसरा मजला अडचण नाही. सावकाश, कठडा धरून, दिवसातून एकदा-दोनदा चढउतार पहिल्या आठवड्यापासून चालते, उलट पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून चालायलाच हवं. अडचण आहे ती पाण्याच्या बादल्यांची, गॅस सिलिंडरची, आणि सकाळच्या ठाणे लोकलची. पाच किलोच्या वरचं सहा आठवडे उचलू नका. पतसंस्थेत बसून काम आहे, तीन-चार आठवड्यांनी जाता येईल, पण ऐन गर्दीत रेटारेटी करत उभं राहून नाही. महिनाभर उशिरा येण्याची परवानगी मागून घ्या किंवा ऐरोलीमार्गे बसने बसून जा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथणं आणि खोकला दोन्ही शिवणीला वाईट. दोन-चार आठवडे हलके डाग पडतील. ताप, घाणेरडा वास, अचानक भळभळ रक्त, सतत लघवी झिरपणं, एका बाजूची कंबर जोरात दुखणं किंवा एक पोटरी सुजणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना.

मेडिक्लेमची पॉलिसी काढून किती दिवस झाले ते बघा. पिशवी काढणं आणि फायब्रॉइड यांना अनेक पॉलिसींमध्ये दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो. रोबोटिक ऑपरेशन विम्यात धरलं जातं, पण बऱ्याच ठिकाणी त्याला वेगळी मर्यादा घातलेली असते, आरोग्य संजीवनी या पॉलिसीत ती विमा रकमेच्या निम्मी आहे. कॅशलेसची मंजुरी घेताना 'रोबोटिक' हा शब्द अर्जात आहे का आणि वरचे पैसे कोणी भरायचे, हे लेखी घ्या.

आणि तारीख कोणतीही घेतलीत तरी ८.६ हिमोग्लोबिनवर टेबलावर जाऊ नका. गोळ्यांनी आता पुरणार नाही, शिरेतून लोहाचं इंजेक्शन घ्या, दोन-तीन आठवड्यांत दहाच्या वर यायला हवं. तोपर्यंत रक्तस्राव रोखायला डॉक्टर गोळ्या देतील किंवा पाळी तात्पुरती बंद करणारं इंजेक्शन देतील, त्याने पिशवीही थोडी आक्रसते आणि खालून काढणं आणखी सोपं होतं. या आठवड्यात बायोप्सी आणि लोह, एवढं करा. रिपोर्ट आला की मिरेनाबद्दल तुमच्या बाईंशी एकदा बोला, आणि त्या वर्षाला खालून किती करतात तेही त्याच भेटीत विचारून घ्या.